परदेशस्थ कंपन्यांकडील इलेक्ट्रॉनिकी अभिलेखांची प्राप्ती

एखाद्या राज्याच्या अधिकारितेबाहेर नोंदलेल्या किंवा वसलेल्या कंपनीच्या ताब्यात असलेले इलेक्ट्रॉनिकी अभिलेख त्या राज्याच्या न्यायालयाने वा तपासयंत्रणेने कायद्याच्या मार्गाने मिळविण्याची पद्धती. अभिलेख या संज्ञेत खातेदाराने दिलेले नाव व दूरध्वनी क्रमांक, खाते वापरल्याच्या वेळा, वापर कोठून झाला हे दर्शविणारे आंतरजालीय (आयपी) पत्ते, तसेच प्रत्यक्ष पत्रव्यवहाराचा आशय या सर्वांचा समावेश होतो. यांपैकी आशय आणि इतर माहिती यांतील भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे. कारण परकीय कायदा या दोहोंना सारखे लेखत नाही.

प्रश्नाचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज या गावी पोलीस ठाणे आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्याला समाजमाध्यमावरील बनावट खात्यावरून फसविण्यात आले, तर फिर्यादी, त्याचे बँकखाते व त्याचा भ्रमणध्वनी हे सर्व जिल्ह्यातच असतात. गुन्हा धनज येथे नोंदविला जातो व तो चालविण्याचा अधिकार कारंजा येथील न्यायालयास असतो. मात्र ते बनावट खाते कोणी उघडले, याची नोंद कॅलिफोर्नियातील कंपनीकडे असते आणि ज्या यंत्रावर ती साठविलेली असते, ते आणखी तिसऱ्याच देशात असू शकते. गुन्ह्यावर अधिकारिता असणे आणि पुराव्यावर अधिकारिता असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर कसे भरून काढावयाचे, हा या विषयाचा गाभा होय.

हे अंतर आंतरजालामुळे प्रथमच निर्माण झाले, अशी समजूत आढळते. वऱ्हाडच्या इतिहासाकडे पाहता ती खरी नाही. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा मुलूख हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. १८६० मध्ये या तहात बदल करण्यात आले. कारभार इंग्रजांचा असला, तरी मुलूख निजामाचाच राहिला. इंग्रजी अंमलाच्या प्रारंभीच्या अर्धशतकात हैदराबादचा रेसिडेंट हाच वऱ्हाडचा मुख्य कारभारी होता. वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे तेथील कायदे आपोआप वऱ्हाडास लागू होत नसत. ते परराज्यातील अधिकारिता म्हणून स्वतंत्र आदेशांनी लागू करावे लागत. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमच्या पट्ट्यावर इंग्रजांकडे आला आणि पुढील वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. तरीही १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य करण्यात आले व त्याच्या युवराजास वऱ्हाडचा युवराज हा किताब मिळाला. ब्रिटिश हिंदुस्थानचे अनेक अधिनियम वऱ्हाडास सरळ लागू करण्यासाठी १९४१ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला. म्हणजे सुमारे नऊ दशके वाशीम, कारंजा या भागांतील न्यायालये जो कायदा चालवीत होती, तो कायद्याच्या दृष्टीने परक्या भूमीवर चालत होता.

वाशीमच्या दक्षिणेस लागूनच असलेला हिंगोलीचा मुलूख मात्र थेट निजामाच्या अंमलाखाली होता. दोन्हीकडील लोकांचे नातेसंबंध, बाजार आणि सावकारी व्यवहार एकमेकांत गुंतलेले होते. समन्स मात्र सीमेवर थांबत असे. पलीकडच्या सावकाराच्या वह्या अलीकडच्या न्यायालयाला हुकूम काढून मागविता येत नसत. त्यासाठी एका दरबाराने दुसऱ्या दरबाराला विनंती करावी लागे. परक्या राज्याच्या न्यायालयाने तेथे उपस्थित नसलेल्या व त्या न्यायालयाची अधिकारिता न स्वीकारलेल्या माणसाविरुद्ध दिलेला हुकूमनामा बाहेर निरर्थक ठरतो, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने फरीदकोट संस्थानाच्या प्रकरणात १८९४ मध्ये सांगितले. ते दिवाणी हुकूमनाम्यापुरते होते. पण हुकूमशक्तीला भूगोलाची मर्यादा असते, हा त्यातला विचार दस्तऐवजांनाही लागू पडतो. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, वऱ्हाड १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम हा वेगळा जिल्हा झाला. या प्रवासात हिंगोलीची सीमा न्यायालयाच्या दृष्टीने पुसली गेली.

दस्तऐवज हजर करविण्याचा अधिकार १८९८ च्या दंडप्रक्रिया संहितेच्या कलम ९४ मध्ये होता. १९७३ च्या संहितेत तो कलम ९१ मध्ये आला व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये (अंमल १ जुलै २०२४ पासून) पुन्हा कलम ९४ मध्ये आहे. शब्दरचना फारशी बदललेली नाही. नव्या संहितेत इलेक्ट्रॉनिकी संदेश व साधने यांचा स्पष्ट उल्लेख आला एवढेच. या कलमान्वये न्यायालय समन्स काढू शकते, तसेच पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारीही लेखी आदेश देऊ शकतो. डाक व तार खात्याकडील पत्रे आणि तारा यांना मात्र जुन्या संहितेपासूनच वेगळे संरक्षण देण्यात आले. वाहकाच्या हाती असलेला निरोप हा वाहकाचा नसतो, ही जाणीव त्यामागे होती. आज आशय व इतर माहिती यांत जो भेद केला जातो, त्याचे मूळ याच जाणिवेत आहे.

भारतातल्या भारतात हा आदेश सर्वत्र चालतो. धनजच्या ठाण्याला बंगळूर वा गुरुग्राम येथील कंपनीकडून माहिती मागविताना राज्याची सीमा आड येत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थिती निराळी आहे. तेथे प्रत्येक घटकराज्याची स्वतंत्र फौजदारी प्रक्रिया असून एका राज्याच्या न्यायाधीशाचे वॉरंट दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. आंतरजाल कंपन्या काही मोजक्या राज्यांत एकवटल्यावर ही अडचण तीव्र झाली. तेव्हा कॅलिफोर्निया, फ्लॉरिडा इ. राज्यांनी असे कायदे केले, की बाहेर नोंदलेली कंपनी आपल्या राज्यात व्यवसाय करीत असेल, तर तिने आपल्या न्यायालयाचा आदेश मानून ठरावीक मुदतीत अभिलेख द्यावेत. उलट, आपल्या राज्यातील कंपन्यांनीही इतर राज्यांच्या आदेशांना तसाच मान द्यावा. ज्याला आपल्या बाजारपेठेचा लाभ हवा, त्याने आपल्या न्यायालयापुढे हजर राहण्याची सोय करावी, हा त्यामागील युक्तिवाद.

हा युक्तिवाद भारतीय कायद्याला अपरिचित नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडच्या कापसासाठी युरोपीय पेढ्या थेट आतपर्यंत आल्या. स्वित्झर्लंडमधील विंटरथुरच्या फोल्कार्ट पेढीचे ठाणे खामगाव येथे होते. अशा परदेशी कंपन्यांविषयी १९१३ च्या कंपनी अधिनियमात तरतूद करण्यात आली, की येथे व्यवसायाचे ठिकाण असलेल्या परदेशी कंपनीने तिच्या वतीने समन्स-नोटिसा स्वीकारणाऱ्या, येथेच राहणाऱ्या व्यक्तीचे नाव व पत्ता निबंधकाकडे नोंदवावा. १९५६ च्या अधिनियमात ती कायम राहिली. २०१३ च्या अधिनियमाने परदेशी कंपनीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिकी मार्गाने येथे व्यवसायाचे ठिकाण असणाऱ्या कंपनीलाही घेतले. कागद दूर असला, तरी त्याच्या मालकाचा माणूस हाताशी असावा, हा या सर्व तरतुदींचा हेतू होय.

आंतरजाल कंपन्यांनी या योजनेत एक फट दाखवून दिली. त्यांच्या भारतीय दुय्यम कंपन्या येथे रीतसर नोंदलेल्या होत्या. परंतु नोटीस आली, की आपण केवळ विक्री वा साहाय्याचे काम करतो, सेवा चालविणारी व अभिलेख बाळगणारी कंपनी अमेरिकेतील मूळ कंपनीच होय, असे उत्तर मिळे. कंपनी कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर खोटे नव्हते. विसाका इंडस्ट्रीजच्या खटल्यात गूगलच्या भारतीय कंपनीने घेतलेली भूमिका अशीच होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये त्या टप्प्यावर कार्यवाही रद्द करण्यास नकार दिला. फोल्कार्टचा खामगावचा प्रतिनिधी आपल्या गुदामातील कापूस आपला नव्हे असे म्हणू शकत नव्हता. अभिलेखाला गुदाम नसल्यामुळे नव्या प्रतिनिधीला तसे म्हणता आले.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याच्या कलम ७५ नुसार भारताबाहेर केलेल्या कृत्यात भारतातील संगणक वा संगणकजाल गुंतलेले असल्यास तो अधिनियम लागू होतो, मग करणारा कोणत्याही देशाचा नागरिक असो. कायद्याचा हा लांब हात गुन्ह्यापुरता होता. पुरावा मिळवून देण्याची शक्ती त्यात नव्हती. २००८ च्या सुधारणेने (अंमल २७ ऑक्टोबर २००९) संदेशांचे संनियंत्रण, माहितीचे जतन व मध्यस्थ कंपन्यांची जबाबदारी यांविषयी तरतुदी वाढविल्या. त्याच सुधारणेने या अधिनियमाखालील गुन्ह्यांच्या तपासाचा अधिकार पोलीस उपअधीक्षकाऐवजी निरीक्षकाकडे दिला. ज्या ग्रामीण ठाण्यांचे प्रमुख सहायक निरीक्षक असतात, त्यांना तरीही असा तपास वरिष्ठांकडे सोपवावा लागतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला, तो ऑर्कुट या गूगलच्या समाजमाध्यमाच्या निमित्ताने. ऑक्टोबर २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, त्या माध्यमावरील भारतद्वेषी गटाविरुद्धच्या याचिकेत, गूगलला नोटीस बजावण्यास राज्य शासनास सांगितले. पुढील वर्षी पुण्यात घडलेले प्रकरण अधिक बोलके आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारे चित्र ऑर्कुटवर टाकल्याची फिर्याद पुणे पोलिसांकडे आली. गूगलने संबंधित आयपी पत्ता कळविला. तो एका भारतीय दूरसंचार कंपनीचा होता. त्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, हे त्या कंपनीने सांगितले आणि त्यावरून बंगळूर येथील एका संगणक अभियंत्यास ऑगस्ट २००७ च्या अखेरीस अटक झाली. कंपनीने दिलेली माहिती चुकीची असल्याचे नंतर निष्पन्न झाले. तोपर्यंत त्या निरपराध माणसाने येरवड्याच्या तुरुंगात सुमारे ५० दिवस काढले होते.

परदेशी कंपन्या माहिती देत नाहीत, ही तपासयंत्रणांची तक्रार अनेकदा न्याय्य असते. या प्रकरणात मात्र परदेशी कंपनीने माहिती दिली होती. चूक झाली ती देशातल्या देशात, आयपी पत्त्याचे माणसाच्या नावात रूपांतर करताना. हे रूपांतर दिसते तितके सोपे नाही. एकच आयपी पत्ता दिवसात अनेक ग्राहकांकडे फिरतो. म्हणून पत्त्यासोबत नेमकी वेळ असल्याखेरीज त्याला अर्थ नसतो. कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात व भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. रात्री साडेअकराची भारतीय वेळ तेथे सायंकाळी सहाची असते. पहाटे चारची नोंद तर तेथे आदल्या दिवसाच्या तारखेत पडते. हा फरक जमेस न धरल्यास नाव दुसऱ्याचेच निघते. नाव बरोबर निघाले, तरी तो ग्राहक म्हणजे गुन्हेगार नव्हे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांपूर्वी पाठविलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका परदेशी रहिवाशाच्या जोडणीवरून गेल्याचे आढळले. त्याची बिनतारी जोडणी संकेतशब्दाविना उघडी होती व तिचा वापर इतरांनी केला होता. मिळालेला अभिलेख हा तपासाचा आरंभ असतो. त्याला निष्कर्ष मानले, की पुण्याच्या प्रकरणाची पुनरावृत्ती होते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्याचा (२६–२९ नोव्हेंबर २००८) खटला हे परदेशस्थ अभिलेखांच्या उपयोगाचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण होय. १६६ जणांचा बळी घेणाऱ्या या हल्ल्यात हल्लेखोर दूरस्थ सूत्रधारांशी बोलत होते. ही संभाषणे भारतातील दूरध्वनी क्रमांकांवर होत असल्यामुळे ती येथेच ऐकता व ध्वनिमुद्रित करता आली. त्यासाठी परदेशाची परवानगी लागली नाही. पण पलीकडची व्यक्ती आंतरजालावरून आवाज वाहून नेणाऱ्या सेवेद्वारा बोलत होती आणि ती सेवा न्यू जर्सीतील कॉलफोनेक्स या कंपनीची होती. खाते कोणत्या ईमेलवरून मागितले गेले, त्याचे पैसे कोठून आले, हे त्या कंपनीच्या नोंदींवरूनच कळू शकत होते. पैशांचा एक हप्ता इटलीतील ब्रेशिया येथून भरला गेल्याचे त्यातून उघड झाले. अमेरिकेच्या संघीय अन्वेषण संस्थेने तपासात साहाय्य केले व तिच्या अधिकाऱ्यांच्या साक्षी मुंबईच्या विशेष न्यायालयात झाल्या. या न्यायालयाने मे २०१० मध्ये अजमल कसाब यास दोषी ठरविले. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी शिक्षा कायम केली. हल्लेखोर एकाकी नसून बाहेरच्या सूत्रधारांच्या आज्ञेने वागत होते, हा कटाचा भाग सिद्ध करण्यात या नोंदी उपयोगी पडल्या.

या सहकार्याला अर्थात विशेष परिस्थिती कारणीभूत होती. मृतांत अमेरिकेचे नागरिक होते, सारे जग या खटल्याकडे पाहत होते आणि दोन्ही शासनांची इच्छा एक होती. धनज येथील फसवणुकीच्या गुन्ह्यामागे यांपैकी काहीही नसते. सामान्य गुन्ह्यात नेहमीच्या मार्गाने काय मिळते, हीच या व्यवस्थेची खरी कसोटी म्हणावी लागेल.

तो मार्ग समजण्यासाठी अमेरिकेचा १९८६ चा इलेक्ट्रॉनिकी दळणवळण गोपनीयता कायदा पाहावा लागतो. त्यानुसार तेथील सेवादात्या कंपनीला ग्राहकाच्या संदेशांचा आशय उघड करण्यास मनाई आहे. अपवाद प्रामुख्याने अमेरिकी न्यायालयाच्या आदेशाचा. परदेशी पोलिसांचा आदेश हा असा आदेश नव्हे. भारतीय न्यायाधीशाने स्वाक्षरी केलेले समन्स मानून आशय दिल्यास कंपनी स्वदेशाचा कायदा मोडते आणि न दिल्यास भारताचा. आशयाखेरीज इतर माहिती परदेशी शासनाला देण्यास त्या कायद्याची तशी मनाई नाही. त्यामुळे खातेदाराची मूलभूत माहिती व आयपी पत्ते कंपन्या आपल्या धोरणानुसार, विनंतीची वैधता तपासून, स्वेच्छेने देतात. कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असल्यास त्वरेनेही देतात. याचा अर्थ असा, की भारतीय संहितेतील आदेशाची भाषा आज्ञेची असली, तरी सीमेपलीकडे त्याचे स्वरूप विनंतीचे होते. वऱ्हाडच्या न्यायालयांना हिंगोलीच्या बाबतीत हाच अनुभव होता.

आशयासाठी शासनाने शासनाकडे जावे लागते. जुना मार्ग न्यायालयीन विनंतीपत्राचा आहे. १९९० मध्ये दंडप्रक्रिया संहितेत कलम १६६-अ घालून तपासाच्या टप्प्यावरही असे पत्र पाठविण्याची सोय करण्यात आली; नव्या संहितेत ती कलम ११२ मध्ये आहे. नवा मार्ग परस्पर न्यायिक साहाय्य कराराचा होय. भारत व अमेरिका यांच्यातील असा करार १७ ऑक्टोबर २००१ रोजी नवी दिल्ली येथे झाला आणि ३ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. धनजहून निघालेली विनंती पोलीस अधीक्षक, राज्याचा गृह विभाग व केंद्रीय गृह मंत्रालय या पायऱ्यांनी अमेरिकेच्या न्याय विभागाकडे जाते. तेथील वकील ती स्थानिक न्यायाधीशापुढे मांडतो. त्या खात्यात गुन्ह्याचा पुरावा असल्याचे मानण्यास सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटली, तरच वॉरंट निघते व अभिलेख त्याच पायऱ्यांनी परत येतात. यास अनेक महिने, कित्येकदा वर्षाहून अधिक काळ लागतो. विलंबाचा दोष बहुधा अमेरिकेला दिला जातो. पण पुष्कळ विनंत्यांत गुन्ह्याचा संबंध त्या विशिष्ट खात्याशी कसा आहे, हे पुरेसे मांडलेलेच नसते. ‘खात्याची संपूर्ण माहिती मिळावी’ एवढ्या वाक्यावर तेथील न्यायाधीश वॉरंट देत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०१९ मध्ये या विनंत्यांच्या मसुद्याविषयी विस्तृत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या यासाठीच.

दरम्यान अमेरिकेतच एक मूलभूत वाद उभा राहिला. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मायक्रोसॉफ्टला एका खात्यातील ईमेल हजर करण्याचे वॉरंट दिले. ईमेल आयर्लंडमधील डब्लिन येथील यंत्रावर होते. कंपनी आपली आहे तर तिने ते आणून द्यावेत, असे शासनाचे म्हणणे. अमेरिकेचे वॉरंट आयर्लंडमध्ये चालत नाही, असे कंपनीचे. जुलै २०१६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाल्यानंतर, निकालापूर्वीच, मार्च २०१८ मध्ये क्लाउड कायदा संमत झाला व वाद निकाली निघाला. या कायद्याने दोन गोष्टी केल्या : यंत्र कोठेही असो, ताबा असलेल्या अमेरिकी कंपनीने अभिलेख द्यावा हे ठरविले, आणि पात्र परदेशांशी करार करून त्यांच्या आदेशांना थेट कंपन्यांपर्यंत जाण्याची मुभा दिली. ब्रिटनशी झालेला असा करार ऑक्टोबर २०२२ मध्ये व ऑस्ट्रेलियाशी झालेला जानेवारी २०२४ मध्ये अमलात आला. भारताशी असा करार झालेला नाही. स्वतंत्र न्यायिक देखरेख व गोपनीयतेची हमी या त्यासाठीच्या अटींपैकी आहेत. भारतात संदेश अडविण्याची परवानगी न्यायाधीश नव्हे, तर गृह सचिव देतो. अशा करारातील ही एक मोठी अडचण ठरू शकते. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या बूडापेस्ट करारातही भारत सामील नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये स्वीकारलेला करार ऑक्टोबर २०२५ मध्ये हानोई येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला.

भारताने दुसरी वाट धरली, ती कंपनीचा माणूस व शक्य तेथे यंत्रही देशात आणण्याची. २०१० मध्ये ब्लॅकबेरी या कॅनडियन कंपनीच्या संदेशसेवेवर बंदी घालण्याचा इशारा देण्यात आला. वाटाघाटींनंतर कंपनीने मुंबईत सर्व्हर बसविला. २५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना मुख्य अनुपालन अधिकारी, पोलिसांसाठी चोवीस तास उपलब्ध असणारा संपर्काधिकारी व तक्रार अधिकारी हे तिघे भारतात राहणारे असावेत, असे बंधन घातले. वैध लेखी आदेश मिळाल्यावर ७२ तासांच्या आत माहिती द्यावी आणि खाते बंद झाल्यावरही नोंदणीची माहिती १८० दिवस जपावी, हेही त्यांत आहे. १९१३ च्या कंपनी अधिनियमातील निवासी प्रतिनिधी येथे पुन्हा अवतरला. फरक इतकाच, की त्याच्यावर आता वैयक्तिक दायित्वही आले. याच नियमांतील संदेशाचा पहिला प्रेषक शोधून देण्याच्या तरतुदीला व्हॉट्‌सॲपने मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. संदेश सांकेतिक रूपात जात असल्याने ही तरतूद सर्वांचीच गोपनीयता मोडते, असे तिचे म्हणणे आहे. अभिलेख कंपनीच्या हाती दिला म्हणून नागरिकाचा त्यावरील गोपनीयतेचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँकांकडील कागदपत्रांविषयी कॅनरा बँकेच्या खटल्यात २००४ मध्येच म्हटले होते. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने गोपनीयतेला मूलभूत हक्काचे स्थान मिळाले. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने न्यायाधीशाविना काढलेल्या आदेशावर किती माहिती मिळावी, हा प्रश्न मात्र त्यानंतरही संहितेत पूर्वीसारखाच राहिला.

अभिलेख मिळाल्यावर तो सिद्ध करण्याचा प्रश्न उरतो. साक्षीदार परदेशी असल्यास त्याची साक्ष दृक्-श्राव्य यंत्रणेद्वारा घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या मुंबईतून गेलेल्या खटल्यात एप्रिल २००३ मध्ये ठरविले. इलेक्ट्रॉनिकी अभिलेखाच्या प्रतीसोबत मात्र ठरावीक प्रमाणपत्र लागते. ते १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब मध्ये होते व आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहे [→ पुरावा]. या विषयावरील महत्त्वाचा निर्णय वाशीमपासून फार दूर नसलेल्या जालना येथील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून निर्माण झाला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला काय, हे निवडणूक कार्यालयातील चित्रमुद्रणावरून ठरवायचे होते. पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की प्रमाणपत्र अनिवार्यच आहे; मात्र पक्षकाराने शक्य ते सर्व केले व न्यायालयामार्फत मागणी करूनही ते मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीची अट त्याच्यावर लादता येणार नाही.

जालन्याच्या कार्यालयातील अधिकाऱ्याला न्यायालय बोलावू शकत होते. कॅलिफोर्नियातील अभिलेखपालाला ते शक्य नाही. परदेशी कंपन्या आपापल्या देशांतील नमुन्यात प्रमाणपत्र देतात. नव्या अधिनियमाच्या अनुसूचीतील नमुन्याचे दोन भाग असून एक अभिलेख सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ञाने भरावयाचा आहे. त्यात अभिलेखाचा अंकीय ठसा नोंदवावा लागतो. परदेशी कंपनीचे प्रमाणपत्र या नमुन्याशी जुळत नसल्यास ते स्वीकारावयाचे, की जालन्याच्या निर्णयातील अशक्यतेचे तत्त्व लावावयाचे, हे प्रत्येक खटल्यात न्यायाधीशाने ठरवावे लागते. पोलिसांना अभिलेख पडद्यावर मिळाल्याच्या क्षणीच हा ठसा काढून पंचनाम्यात नोंदविणे, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होय. महाराष्ट्रात २०१६ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर प्रयोगशाळा स्थापन झाल्यामुळे ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आली. धनजसारख्या ठाण्यातून त्यासाठी वाशीम गाठावे लागते.